पडद्याआडून दिलेलं सांदण

शनिवारी सकाळी सव्वाआठ वाजता नोएल तुस्कानोने ऑफिसातला कॉम्प्युटर लावला, तेव्हा प्रवाशांच्या वेबसाइटवरच्या साहिल रेस्टॉरंटच्या पानावरचे सगळे रिव्ह्यू गेलेले होते. एक सोडून.

उरलेल्या रिव्ह्यूच्या वर लाल चौकटीत इंग्रजी सूचना होती. या ठिकाणाविषयीचे काही अभिप्राय खरे नसावेत अशी शंका आल्याने ते काढून टाकण्यात आले आहेत, असा तिचा मजकूर होता.

नोएलने पान पुन्हा उघडलं. सूचना तिथेच होती.

फेब्रुवारी २००९. साहिल रेस्टॉरंट ओमानमधल्या इब्रीत, अल-ऐनहून निझवाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. चालवणारा बदरुद्दीन होडेकर रत्नागिरीजवळच्या साखरतरचा. बायको कुबरा मागच्या स्वयंपाकघरात, नववीतली मुलगी हिबा शाळा सुटली की फ्रिजशेजारच्या टेबलावर. वसईचा नोएल गाड्यांच्या सुट्या भागांच्या एजन्सीत क्लार्क होता आणि दुपारी तिथेच जेवायचा.

ट्रकवाले कमी झाल्यापासून हॉटेल अर्धं रिकामं असे. जागा ज्या ओमानी अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, नावावर होती, त्याला तिथे मोबाइलचं दुकान हवं होतं. करार महिनाअखेरीला संपत होता. "गिऱ्हाईक दाखव, मग बोलू," असं तो बदरुद्दीनला सांगून गेला होता. करार झाला नाही तर बदरुद्दीनपुढे एकच काम होतं: दुक्मला बंदराच्या कॅम्पवर आचाऱ्याची नोकरी. तिथे नुसते पुरुष राहतात. कुबरा आणि हिबाला साखरतरला परतावं लागणार होतं.

वाट निघाली ती दुबईच्या एका टूर कंपनीमुळे. कंपनीची बस परदेशी पाहुण्यांना निझवाचा किल्ला दाखवायला इब्रीवरून नेत असे. बसबरोबर येणारा राजीव मूळचा नाशिकचा. त्याला साहिलची मच्छी आवडली होती. पण त्याचा साहेब प्रवाशांच्या वेबसाइटवर नाव पाहिल्याशिवाय कुठेच बस थांबवत नसे.

"मी तीनदा जेवलोय तुमच्याकडे," राजीव म्हणाला होता. "माझं पोट खरं आहे हो. पण सरांना पोट दिसत नाही, स्क्रीन दिसतो. दहा-बारा रिव्ह्यू आणा, बस माझ्याकडे लागली."

रिव्ह्यू आणायचं काम नोएलने अंगावर घेतलं.

साहिलचं गिऱ्हाईक म्हणजे गवंडी, ड्रायव्हर, वेल्डर, सुकात, म्हणजे बाजारात, कापड विकणारे. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, ई-मेल नव्हता. नोएलला त्यात अडचण वाटली नाही. रजेचे अर्ज, एम्बसीची पत्रं, आईला पाठवायची खुशाली, हे सगळं तो अर्ध्या इब्रीसाठी लिहीत आला होता. एकाने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं, पहिल्याने मान हलवायची. परमुलखात पत्र असंच लिहिलं जातं आणि त्याला खोटं कुणी म्हणत नाही.

शुक्रवारी नमाजनंतर तो लॅपटॉप घेऊन साहिलमध्ये बसला. ज्याला ई-मेल नाही त्याला तिथल्या तिथे काढून दिला. लोक रांगेने आले, हसत-खिदळत.

"काय लिहू, ओमप्रकाशजी?"

"लिखो, दाल में पानी नहीं मिलाते."

"असं नाही लिहीत. क्वालिटी लिहितो."

"क्वालिटी लिखो. और लिखो, बदरूभाई उधार देते हैं."

"ते नको!" गल्ल्यावरून बदरुद्दीन ओरडला. "ते वाचून दुबईवाले उधार मागतील!"

संध्याकाळपर्यंत मनासारखे रिव्ह्यू झाले. ज्याने जे सांगितलं तेच नोएलने लिहिलं, फक्त आपल्या इंग्रजीत. रात्री ते सगळे पानावर दिसत होते. सकाळी नव्हते.

शनिवारी दुपारी नोएल जेवायला आला, पण जेवला नाही. लॅपटॉप उघडून त्याने पान दाखवलं. आदल्या दिवशीची एक प्रत त्याने उतरवून ठेवली होती, तीही दाखवली.

"पण माणसं तर खरी आहेत," बदरुद्दीन म्हणाला. "ओमप्रकाश आत बसलाय. हाक मारू?"

"कुणाला दाखवणार त्याला? मशीनला?"

हिबाने दप्तर खाली ठेवलं आणि ती प्रत वाचली. मग तिला हसू आवरेना.

"काय गो, काय झालं?" बदरुद्दीनने विचारलं.

"अंकल, सगळ्यांनी 'रिस्पेक्टेड सर' लिहिलंय."

"मग? सुरुवात काय करायची?"

"आणि लास्टला सगळ्यांनी 'काइंडली डू द नीडफुल'. वेल्डर अंकलने पण. कापडवाल्याने पण. अब्बा, हे रिव्ह्यू नाहीत, हे... अर्ज आहेत. फिशसाठी अर्ज." ती थांबली, मराठी शब्द शोधत. "एकाच लॅपटॉपवरून. एकाच दिवशी. त्यांना वाटणारच ना, एकच माणूस आहे."

"एकच माणूस होता," नोएल म्हणाला आणि खुर्चीत मागे टेकला.

 मग बदरुद्दीनने विचारलं, "हा एक कसा राहिला?"

तो रिव्ह्यू नोएलने लिहिलेला नव्हता. तारीख जानेवारीतली होती. लिहिणाऱ्याने नावाच्या जागी 'सँडपायपर' एवढंच टाकलं होतं. वाळूत धावणारा एक पक्षी. गाव नाही, देश नाही. त्या नावाने आधी किंवा नंतर काहीच लिहिलेलं नव्हतं. नोएलने तो वाचून मराठीत सांगितला:

"इब्रीजवळ टायर फुटला. दुरुस्ती होईपर्यंत इथे बसलो. मासे ठीक, चहा फार गोड. फ्रिजपाशी एक मुलगी नकाशा रंगवत होती. मग आतून एक बशी आली, मेनूवर नसलेली. तांदळाची पांढरी वाफवलेली वडी, नारळाच्या दुधात. पैसे घेतले नाहीत. थांबलात तर तीच मागा."

"सांदण," हिबा म्हणाली. "अम्मी, हे सांदण आहे."

बदरुद्दीनने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. कुबरा दारात उभी होती.

"आपण सांदण विकत नाही," तो म्हणाला.

"विकत नाहीच," कुबरा म्हणाली आणि आत गेली.

घरचं ते घरचं, गल्ल्यावर येणार नाही, ही बदरुद्दीनचीच अट होती. सांदण घरात ईदला होई, आणि हिबाने फारच हट्ट केला तर एरवी कधीतरी.

नोएलने वेबसाइटला पत्र लिहिलं. ह्या वेळी हिबाने शेजारी बसून 'रिस्पेक्टेड सर' खोडायला लावलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. काढलेले अभिप्राय परत येणार नाहीत. मात्र उरलेला अभिप्राय लिहिणाऱ्याने स्वतः कळवलं, की आपण खरंच तिथे जेवलो आणि हॉटेलशी आपला संबंध नाही, तर सूचना हटवण्याचा विचार होईल.

राजीवला फोन केला. "सूचना असताना सर नाव घेणार नाहीत," तो म्हणाला. "ती हटवा, मग एका रिव्ह्यूवर पण मी त्यांना पटवतो. आणि हो, हे सांदण काय आहे? मला कधी दिलं नाहीत ते!"

म्हणजे सँडपायपर शोधणं भाग होतं.

माहिती थोडी होती, पण होती. टायर फुटला होता. साहिलला लागूनच बाबामियाँचं टायर-पंक्चरचं दुकान. बाबामियाँ म्हसळ्याचा, सगळी उमर ओमानात गेलेली.

"जानेवारीत टायर फुटलेली गाडी?" तो म्हणाला. "साहेब, माझ्याकडे लोक हवा खायला येतात असं वाटतं काय तुम्हाला? सगळे टायर फुटलेलेच येतात."

"अल-ऐनकडून आलेली. परदेशी माणूस असेल."

बाबामियाँने हात पुसले. "एक होती. पांढरी, उंच गाडी, अबूधाबीची पाटी. मागचा डावा टायर बाजूने फाटलेला. वाळूत हवा कमी करून चालवली आणि रस्त्यावर आल्यावर भरलीच नाही. अडाणी काम. तशीच पळवली."

"आणि माणूस?"

"माणूस कोण बघतो? मी टायर बघतो."

"गोरा होता की अरब? म्हातारा?"

"पुरुष होता. पैसे त्याने दिले. बरोबर बाईमाणूस होतं, ती तुमच्या फॅमिली रूममध्ये जाऊन बसली. बुरख्यात होती की ओढणी होती, देवाशपथ सांगता येणार नाही. टायर मात्र विचारा."

नोएलने हे येऊन सांगितलं, तेव्हा कुबरा कांदा कापत होती. तिने सुरी खाली ठेवली.

साहिलच्या एका कोपऱ्यात, इब्रीतल्या बहुतेक हॉटेलांत असते तशी, पडदा लावलेली छोटी फॅमिली रूम होती. बाया आत बसल्या की वाढायला पुरुष आत जात नसे. ताट पडद्याच्या कडेने आत सरकवायचं आणि मागे फिरायचं.

"मी दिलं होतं," कुबरा म्हणाली.

"कुणाला?" बदरुद्दीनने विचारलं.

"ते मला काय ठाऊक? पडदा होता. अवो, तुम्ही मच्छीचं ताट दिलंत, ते तसंच परत आलं. आतून उलटीचा आवाज आला. रस्त्यात पोटात ढवळलं असेल, नाहीतर दिवस गेले असतील. हिबासाठी सांदण केलेलं होतं. म्हटलं हे पोटात राहील. बशी आत सरकवली. बशी रिकामी आली."

"बोलली काय?"

"आभार मानले. शुक्रन म्हणाली."

"अरबीत? म्हणजे अरब?"

"तुम्ही पण म्हणता की शुक्रन. तुम्ही अरब काय?"

नोएल हसला. बदरुद्दीन हसला नाही. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, घरचं बाहेर का दिलंस." ती पुन्हा कांद्याकडे वळली. "अर्बाबला सांगा, गिऱ्हाईक होतं. पडद्याआड होतं."

त्यातून नवाच प्रश्न निघाला. रिव्ह्यू लिहिला कुणी? मुलगी नकाशा रंगवताना दिसली, ती बाहेर बसलेल्या पुरुषाला. सांदण खाल्लं आतल्या बाईने. चहा प्याला बहुधा पुरुष. हिबाचं म्हणणं, लिहिणारी बाईच; आत जाता-येता तिला टेबल दिसलंच असणार. नोएलचं म्हणणं, पुरुषाने लिहिलं, बाईच्या सांगण्यावरून.

"म्हणजे एकाने सांगितलं आणि दुसऱ्याने लिहिलं," बदरुद्दीन म्हणाला. "मग त्याचा कसा काय खरा, आणि आमचे खोटे?"

नोएलने लॅपटॉप पुढे ओढला.

वेबसाइटवर सदस्याला निरोप पाठवायची सोय होती. निरोप हिबाने लिहिला, साध्या इंग्रजीत. आम्ही साहिलवाले. तुम्ही खाल्लंत त्याला सांदण म्हणतात. ते माझ्या वाट्याचं होतं, पण त्याचा राग नाही. तुम्ही आला होता एवढंच वेबसाइटला कळवाल का? आमचं दुकान त्यावर अवलंबून आहे. खाली तिने आपलं नाव घातलं आणि तोच मजकूर रिव्ह्यूखाली हॉटेलचं उत्तर म्हणूनही टाकला.

निरोप गेल्याची खूण आली. तो वाचला गेला का, ते कळायची सोय नव्हती. नोएल रोज सकाळी पान उघडत राहिला. बदरुद्दीन एक दिवस मस्कतला जाऊन दुक्मच्या कंपनीच्या माणसाला भेटून आला. 

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी, पानावर एक नवा रिव्ह्यू आला. नोएल ऑफिसातून अर्ध्या वेळेत उठून साहिलला आला.

"सँडपायपर?" हिबाने विचारलं.

"नाही. दुसराच कुणी. नाव नवीन, गाव सोहार लिहिलंय." त्याने वाचून दाखवलं. एक तारा. "सांदणसाठी मुद्दाम वाट वाकडी करून आलो. मालक म्हणाले, असलं काही मिळत नाही. निराशा झाली."

सगळ्यांनी बदरुद्दीनकडे पाहिलं.

"आला होता," तो म्हणाला. "रविवारी. गोरा, चश्मेवाला, टोपी घातलेला. 'संडन, संडन' करत होता. मी म्हटलं, नो, सर. बिर्याणी आहे, सर."

"सांदण होतं घरात रविवारी," कुबरा म्हणाली. "हिबासाठी ठेवलं होतं फडताळात."

"मला काय माहीत? आणि मागितलं तरी मी..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"अब्बा, पण हे चांगलं आहे," हिबा म्हणाली. "एक तारा चांगला आहे. हा तर आपला माणूस असूच शकत नाही ना. आपला माणूस असं लिहील का?"

नोएलने तिथूनच राजीवला फोन लावला आणि रिव्ह्यू वाचून दाखवला.  राजीव म्हणाला, "म्हणजे कुणीतरी ते वाचून खरंच आलं. सोहारहून. सांदण खायला." मग विचारलं, "सूचना आहे अजून?"

"आहे."

"सरांना विचारतो. काय म्हणतील सांगता येत नाही. एक तारा दाखवून बस मागायची, हे मी आजवर केलेलं नाही."

फोन ठेवल्यावर बदरुद्दीन उठला, भिंतीवरचा मेनूचा फळा त्याने काढून टेबलावर ठेवला आणि हिबाकडे खडू दिला. "इंग्रजीत कसं लिहितात, लिही," तो म्हणाला. कुबरा आत जाऊन तांदूळ निवडायला बसली.

बुधवारी सकाळी फळ्यावर सांदण होतं. दुपारी अर्बाब येऊन गेला, फळा वाचला, हे काय म्हणून विचारलं, एक बशी खाल्ली. कराराविषयी बोलला नाही. जाताना त्याने घरच्यांसाठी डबा भरून घेतला.

गुरुवारी नोएलने पान उघडलं तेव्हा लाल चौकट तशीच होती, आणि खाली दोन रिव्ह्यू. सँडपायपरचं उत्तर आलेलं नव्हतं. राजीवचा फोन लागत नव्हता; बस निझवाला जाताना डोंगरात फोन लागत नाही. महिना आणि त्याबरोबर करार शनिवारी संपत होता; फळ्यावर सांदण मात्र अजून होतं.