बोळावरची खोली

“त्या बाईला आधी काढून टाक, आत्या!” कीथनं मूठ आपटली ती नेमकी माझ्या पाठीत.

बाई समोरच बसली होती. मिस ग्रिमशॉ तिचं नाव. घर विकताना कागद तपासून ते दुसऱ्याच्या नावावर करून देणारी कन्व्हेयन्सर. घराची मालकीण मेव्हिस, म्हणजे कीथची आत्या, हिनं तिला नेमलं तेव्हापासून भाच्याच्या पोटात दुखत होतं.

“मी इथंच आहे, बरं का,” मिस ग्रिमशॉ म्हणाली आणि तिनं बिस्कीट चहात बुडवलं.

मी बोलतेय ती या घराच्या कागदांची जुडी. माझं सगळ्यात जुनं पान मेंढीच्या कातड्याचं, १८९४ सालचं. गुलाबी फितीनं बांधलेली, लाखेचं लाल कुंकू लावलेली. गर्व कशाला लपवू? सव्वाशे वर्षं मी सांगेन ते घर, मी सांगेन ती हद्द. गिरणीच्या मुकादमानं मला मिरवलं, त्याच्या विधवेनं मला उशाखाली ठेवलं. १९५७ साली मी हॅरल्ड आणि मेव्हिस एंटविसल या नवरा-बायकोच्या हाती आले. लँकशायरच्या पावसाचा थेंबही त्यांनी मला लागू दिला नाही. बिस्किटांच्या डब्यात घालून कपाटात ठेवलं.

माझ्या अंगावर लिहिलंय, ‘वर तीन खोल्या’. मेव्हिसनं मिस ग्रिमशॉच्या फॉर्मवर लिहिलं, दोन. कीथनं जाहिरात दिली ती माझ्यावरून, तीनची. दुसरी कोणी असती तर आकडा जुळवून मोकळी झाली असती. ही बाई छत्री घेऊन स्वतः आली, जिना चढली, खोल्या मोजल्या आणि विचारलं, “एंटविसलबाई, तिसरी खोली गेली कुठं?”

तिथून हे भांडण पेटलं.

तिसरी खोली कुठं जायची? दोन घरांमधल्या बोळाच्या डोक्यावर बांधलेली ती आहे तिथंच आहे. पण आता तिचं दार शेजारच्या डोरीनच्या घरात उघडतं.

१९६१ची गोष्ट. त्या खोलीला मेव्हिसनं पिवळा कागद लावला होता, पाळणा मांडला होता. बाळ आलं, पण रडलं नाही. पुढं वर्षभर तिनं त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मग डोरीनला जुळं झालं, आणि तिच्या घरात सहा माणसं. मेव्हिसनं कुंपणावरून हाक मारली, “डोरीन, ती खोली तू घे.” एका रविवारी हॅरल्डनं इकडचं दार विटांनी बुजवलं, डोरीनच्या नवऱ्यानं तिकडून भिंत फोडली, चौघांनी बोळात उभ्यानं चहा घेतला. झाला व्यवहार! मला कुणी विचारलं नाही.

मी त्याच भिंतीला टेकून कपाटात होते. पलीकडं जुळी रडायची, दात येताना किरकिरायची, पुढं गाणी लावायची. मला सगळं ऐकू यायचं. तरी माझ्या अंगावर ‘तीन’ ते ‘तीन’च. साठ वर्षं मी खोटं बोलले, आणि वर लाखेचा तोरा. चूक त्यांची खरी, पण लाज मला वाटली.

“कागदावर तीन आहेत ना? मग तीन विक,” कीथ म्हणाला. “घेणारे तिसरीसाठीच आलेत. भिंतीचं काय ते बघतील.”

“बघतीलच की,” मिस ग्रिमशॉ म्हणाली. “आधी डोरीनबाईंना पलंग उचलायला सांगतील. नाहीतर चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागेल.”

“तुम्ही आमच्या बाजूच्या की शेजारणीच्या?”

“तुमच्या आत्याच्या. म्हणून तर कडू बोलतेय. खोटा आकडा मी पुढं पाठवणार नाही. आधी ती खोली डोरीनबाईंच्या नावे करायची, मग राहिलेलं घर विकायचं. पण एंटविसलबाई, हे गिऱ्हाईक हातचं जाईल, हेही सांगते. आणि तुमचा निर्णय मला लेखी लागेल.”

मेव्हिस गुडघा चोळत होती. हॅरल्ड गेल्यापासून ती एकटीच, आणि जिना आता तिला एकेक पायरी बसून उतरावा लागतो. मोरकॅमला समुद्राजवळ तिनं बिनजिन्याचं घर बघून ठेवलंय, पडद्यांचं कापडसुद्धा घेतलंय. हे घर विकलं नाही तर तेही गेलं.

“आत्या, डोरीन अजून किती दिवसांची?” कीथ हलकेच म्हणाला. “आणि कागद आपल्या बाजूनं आहे.”

त्यानं मला तिच्यापुढं सरकवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, हिनं माझं ऐकू नये.

मेव्हिसनं माझी फीत सोडली, त्या ओळीवर बोट ठेवलं.

“भिंतीतलं दार हॅरल्डनं बुजवलं, कागदातलं उघडं राहिलं होतं ते आज मी बुजवते, द्या बाई, ते पेन इकडं.”