हिरवी झाले ती मीच

हो, त्या दिवशी हिरवी झाले ती मीच बोलतेय. मी एक बॅच फाईल. नोटपॅडमध्ये लिहिलेल्या नऊ ओळी, बस्स. माझ्यावर डबल क्लिक केलं की परीक्षेचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर बसवलाय की नाही ते मी सांगते. असला तर माझी खिडकी हिरवी, नसला तर लाल.

नगरच्या एका परीक्षा केंद्रात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ओंकारने मला लिहिलं, चहा पिता पिता, घाईत. रंग दिले ते विजयमालाबाईंसाठी. बाई चौथी शिकलेल्या. हॉल उघडायचा, झाडायचा आणि तीसही कॉम्प्युटरवर मला चालवायचं, हे त्यांचं काम. रंग बघायला इंग्रजी लागत नाही.

ओंकारने मला एकच शिकवलं होतं: स्क्रीनवर प्रोग्रॅमचा आयकॉन आहे का बघ. असला की हिरवी हो. मी तेवढंच बघायची.

त्या रविवारी नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा होती. दहाच्या पुढे कुणाचं लॉगिन होणार नव्हतं. सकाळी बाईंनी मला तीस वेळा चालवलं, मी तीस वेळा हिरवी झाले.

केंद्राचे मालक आबासाहेब दारातूनच म्हणाले, "झालं ना? घ्या पोरींना आत."

"थांबा वो साहेब. नागापूरच्या कारखान्यात पॅकिंगला हुते मी. लेबल असलं तरी खोकं हलवून बघायचो आमी."

आणि बाई एकेक आयकॉन उघडत सुटल्या. सत्तावीस उघडले. तीन उघडेनात.

"ओंकार! इकडं ये मुडद्या! ही तुझी हिरवी बया खोटं बोलतीया!"

खोटं नव्हते बोलत मी. आयकॉन होताच की. तरी लाज वाटली.

ओंकारचा चेहरा उतरला. "हे तिन्ही नवे पीसी. यांच्यावर प्रोग्रॅम कुणी टाकला?"

"मीच की, काल," आबासाहेब म्हणाले. "पेनड्राइव्हनं आयकॉन आणला अन् चिकटवला."

"अहो साहेब, आयकॉन म्हणजे प्रोग्रॅम न्हाई! तो नुसता रस्ता दाखवतो."

"मला काय म्हाईत ते?"

नऊ पंचवीस झाले होते. अख्खा प्रोग्रॅम असलेला पेनड्राइव्ह एकच, एका पीसीला पंधरा मिनिटं. दोन झाले असते, तिसरा नाही. तो तिसरा होता तेवीस नंबरचा, अश्विनीच्या वाट्याचा. ती दारातच उभी होती, पाथर्डीहून पहाटेच्या एसटीने आलेली. वयाच्या अटीमुळे ही परीक्षा द्यायचं तिचं हे शेवटचं वर्ष.

"ताई, पुढच्या बारीला बघू," आबासाहेब तिला म्हणाले.

"पुढची बारी न्हाई मला, सर."

बाईंनी झाडू आपटला. "साहेब, आयकॉन आणला कुठनं तुमी?"

"माझ्या केबिनमधनं."

"मग तिथं प्रोग्रॅम असंलच की! उचला तो कॉम्प्युटर."

"अहो बाई, माझी सगळी कामं त्याच्यावर..."

"ऐतवारी कसली कामं? का मी उचलू?"

आबासाहेबांनीच उचलला. वायरी तोंडात धरून.

ओंकारने एकीकडे पहिल्या पीसीवर प्रोग्रॅम चढवायला लावला आणि दुसरीकडे माझी ओळ बदलली: आयकॉन राहू दे, मूळ फाईलच शोध. केबिनमधला पीसी तेवीस नंबरच्या टेबलावर चालू झाला तेव्हा नऊ बावन्न झाले होते. बाईंनी मला चालवलं. जन्मात पहिल्यांदा मी आत शिरले, एका फोल्डरमधून दुसऱ्यात.

फाईल होती. मी हिरवी झाले.

बाईंनी माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्यांनी प्रोग्रॅम उघडला, नाव टाकायची जागा समोर आली, मगच खुर्ची ओढली. "बस पोरी. हात पूस आधी, घाम सुटलाय."

नऊ सत्तावन्नला अश्विनीचं लॉगिन झालं; उरलेले दोन पीसीही तोवर तयार झाले होते.

आजही बाई मला रोज चालवतात आणि माझ्यामागे प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः उघडतात. मला राग येत नाही. माझ्यासारख्या फायली लिहिणाऱ्यांना मात्र बजावते: आम्हाला नेमकं काय शोधायचं ते सांगा. सांगितल्यापलीकडे आम्ही एक पाऊल टाकत नाही. तेवढा वेळ नसेल, तर सरळ पुसून टाका आम्हाला. परीक्षेची शेवटची संधी घेऊन आलेल्या पोरीपुढे उगाच हिरवी होऊन बसायची हौस नाही मला.