डाग दिसू नये म्हणून

ही गोष्ट २०१० सालची. थोरल्या दिरांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. मुलांच्या दवाखान्यात औषधाची चिठ्ठी छापणारा प्रोग्रॅम आम्ही तिघं सांभाळायचो: भाऊजी, माझी नणंद आणि मी. जिन्यावरच्या दोन खोल्या, एक कुरकुरता पंखा, आणि घरातली भांडणं रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून कायम बंद खिडकी. तरी मजा होती तेव्हा. डबे एकत्र उघडायचे, चेष्टामस्करी चालायची.

केलेला प्रत्येक बदल आम्ही सर्व्हरवर जपायचो. एखादा चुकला, तर तेवढाच उलटवणारा नवा बदल त्यावर ठेवायचा. चूकही दिसे, दुरुस्तीही दिसे. ही शिस्त नणंदेची. भाऊजींना ती खुपायची, कारण दवाखान्याच्या मॅनेजरबाईही तो सगळा इतिहास उघडून बघत.

एका सकाळी तक्रार आली, चिठ्ठीवरची शेवटची ओळ कापली जाते. नणंदेच्याच महिन्यापूर्वीच्या एका किरकोळ बदलाचा तो प्रताप, चिठ्ठी लांबली तरच दिसणारा. ती दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. भाऊजी तिच्या खुर्चीत बसले. मला वाटलं, चूक शोधताहेत.

गाल सुजवून ती परतली आणि मशीन उघडताच ओरडली, "वहिनी, माझं काम कुठंय? महिन्याभराचं सगळं गायब!"

भाऊजी आतून म्हणाले, "मी सर्व्हर मागं नेला, ओळ कापली जात नव्हती तिथवर. तुझ्या मशीनवरची प्रतही काढून तीच घातली. गिऱ्हाइकाला डाग कशाला दाखवायचा?"

"दादा, त्यात वजनाची तपासणी होती! बाळाला झेपणार नाही इतकं औषध लिहिलं तर चिठ्ठी अडवणारी. तीही पुसलीस?"

"पुन्हा लिही. तुला येतंच की."

"तू लग्नाचे फोटो जाळ आणि मोठ्या वहिनीला सांग, पुन्हा बोहल्यावर उभी राहा, येतंच की!"

"तोंड आवर. दवाखान्यात पाठवलंयसुद्धा." मग माझ्याकडे वळून, "तुमचंही मशीन सर्व्हरशी जुळवून घ्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळं जुनं काम आता फक्त माझ्या मशीनवर उरलं होतं. मी नेटवर्कची वायर उपटली.

"भाऊजी, याला हात लावाल तर बघा!"

लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यापुढं आवाज चढवायची माझी ती पहिलीच वेळ.

नणंदेनं दवाखान्यात फोन लावला. "आमचा प्रोग्रॅम बंद ठेवा. वजनाची तपासणी निघून गेलीय. सकाळपासूनच्या चिठ्ठ्या पुन्हा बघा." का निघून गेली, तेही सांगून टाकलं.

"कंपनी बुडवलीस!" भाऊजी गरजले.

"बुडू दे!"

माझ्या मशीनवरून आम्ही सगळा इतिहास सर्व्हरवर परत चढवला. त्यावर तिनं चिठ्ठीचा तेवढा एक बदल उलटवला आणि खाली स्वतःचं नाव घातलं. दवाखान्यातून निरोप आला, सगळ्या चिठ्ठ्या ठीक आहेत.

"बघा," भाऊजी म्हणाले, "काही झालं का? उगाच आकांडतांडव!"

ते वाक्य आठवलं की आजही माझं अंग जळतं.

नणंद त्याच आठवड्यात बाहेर पडली, तिच्यामागून मीही. दवाखान्यानं पुढं काम तिलाच दिलं. अजून तिच्या हाताखालची पोरं तिला टरकून असतात. भाऊजींनी कंपनी विकली आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्याच्या हाताखाली नोकरी केली. बहिणीनं चुगली केली, हेच ते शेवटपर्यंत सांगत राहिले. माझ्या नवऱ्यानं भावाबहिणीत समेट घडवायचा प्रयत्न केला आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. भाऊजी गेले तेव्हा नणंद आली, तिच्या मोठ्या वहिनीजवळ, माझ्या जावेजवळ बसली, आणि भावाकडे न बघता परत गेली. मी तिला थांब म्हटलं नाही.