वृषालीनं भरलेला फॉर्म

अर्जदाराचं नाव: नागसेन आबाराव सुरवसे. माझे वडील. अमेरिकेतल्या श्रावस्तीआत्यानं, त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, एकोणीस वर्षांपूर्वी त्यांना तिकडं कायमचं नेण्यासाठी अर्ज केला होता. या महिन्यात नंबर लागला.

सध्याचा पत्ता: दोहा, कतार. आई आणि धाकटा बुद्धघोष तिथंच. व्हिसाची मुलाखतही तिथंच होणार.

फॉर्म भरायला कुणी मदत केली? मी. गावी, माकणीत बसून, मोबाइलवर. बुद्धघोषला माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी येतं, पण त्याला कंटाळा येतो.

मुलं: दोन.

पहिल्या मुलाची जन्मतारीख: १ जून २००२.

ही खोटी आहे. मी दसऱ्याला जन्मले. आबा, म्हणजे माझे आजोबा, त्या वर्षी दीक्षाभूमीला गेले नाहीत ते माझ्यामुळं. पहिलीत घालताना मला सहा वर्षं पूर्ण नव्हती. पप्पा गुरुजींना म्हणाले, "लावा की एक जून. माझी तीच, श्रावस्तीताईची तीच." गुरुजींनी लावली. शाळेच्या दाखल्यावरून पुढं पासपोर्ट निघाला. मला आबांकडं ठेवून पप्पा आईला घेऊन दोह्याला गेले.

आईबापासोबत एकवीसच्या आतलंच मूल जाऊ शकतं. आत्याचा अर्ज मंजुरीसाठी जितके दिवस पडून होता, तितके वयातून वजा होतात. मी गणित केलं. एक जूनची मी एकवीस वर्षं एक महिन्याची. दसऱ्याची मी अजून एकविसाच्या आतच.

आबांनी ग्रामपंचायतीत चार हेलपाटे घातले. जुन्या रजिस्टरात नोंद सापडली: पंधरा ऑक्टोबर. जन्माचा दाखला माझ्या हातात देत म्हणाले, "जा बाई तू. म्या शिकतो भाकरी थापाया."

मी दाखल्याचा फोटो पाठवला. संध्याकाळी पप्पांचा फोन. आत्याही लाइनवर होती.

"वकील म्हणतोय, लावता येतो हा दाखला."

"मग लावते."

"आधी ऐक. तुझी एक जून खोटी निघाली की ते माझी बघणार. मग ताईची बघणार. ताईची तर कुठं नोंदच न्हाय."

"माझी सिटिझनशिप आहे गं बाळा त्या तारखेवर," आत्या म्हणाली. "आणि तू आता काय लहान आहेस? तुझ्या वयात मला संसार होता."

"पप्पा, तारीख तुम्हीच लावली होती."

"तुझ्याच भल्यासाठी ना? वर्ष वाचलं तुझं."

मागून आईचा आवाज आला, "तिला सवय आहे म्हणावं तिथली." तिनं फोन मागितला नाही.

"मग फाडून टाकू का दाखला?"

"फाडू नको," पप्पा म्हणाले. "लग्नात लागंल."

हे मूल तुमच्यासोबत स्थलांतर करणार का? दोन पर्याय: हो. नाही.

"काय म्हणला नागसेन?" आबांनी विचारलं.

"नको म्हणाले."

"मंग ऱ्हाती व्हय तू?"

आबांनी तोंड पाडायचा लई प्रयत्न केला. जमलं नाही. हसू लपवायला ते उठून चुलीकडं गेले आणि पिठाची परात घेऊन आले. ती माझ्यासमोर ठेवली.

मी 'नाही'वर बोट ठेवलं. का, हे फॉर्मनं विचारलं नाही. पुढचं पान उघडलं.

दुसऱ्या मुलाचं नाव: बुद्धघोष नागसेन सुरवसे.

पप्पांचा मेसेज आला. त्याच्या पासपोर्टचं पान परत पाठवलंय, आधीच्या फोटोत अंगठा आला होता, आज रात्रीपर्यंत सगळं भरून टाक.

नव्या फोटोत अंगठा नव्हता. त्याची जन्मतारीख मी बघून बघून टाकली. दोह्याच्या दवाखान्यातली, खरी. पुढं तोच प्रश्न होता. पिठाचा हात पुसला आणि 'हो' केलं.