पाकिटांमागची अक्षरं

रेकॉर्डचं पाकीट साफ करण्यात ओसूच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात माझा हात धरणारं कोणी नाही, असं लोक म्हणत आणि मला ते आवडे. आमच्या धंद्यात पाकिटावर आधीच्या मालकाचं काही लिहिलेलं असलं की माल एक पायरी खाली उतरतो. शौकीन माणूस गाणं ऐकायच्या आधी पाकीट उलटं करून मागची बाजू बघतो. म्हणून जुन्या बँडच्या छोट्या रेकॉर्डी आल्या की मी आधी खोडरबर घेऊन बसे.

त्या मार्चमध्ये जुन्या घरांचं सामान उचलणाऱ्या एकाने बत्तीस रेकॉर्डींचा खोका आणून दिला. सगळे लांब केसवाल्या पोरांचे बँड, काही तर एकच रेकॉर्ड काढून विरून गेलेले. प्रत्येक पाकिटामागे, गाण्याच्या छापील शब्दांखाली, पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं. मी वाचलं नाही. दोन दिवस बसून सगळं खोडलं. माझी बायको सावा म्हणाली, पोटच्या पोरांना कधी इतकं घासून आंघोळ घातली नाहीत.

चौथ्या दिवशी इसोगाई फुमी नावाच्या एक बाई दुकान शोधत आल्या. पंचाहत्तरी उलटलेली, पण पाठ ताठ. भाच्याने न विचारता घर रिकामं केलं, त्यात धाकट्या बहिणीचा खोका गेला, असं त्यांनी सांगितलं. ही बहीण चिझुरू एकोणिसाव्या वर्षी हृदयाच्या दुखण्याने गेली. रोज संध्याकाळी एक रेकॉर्ड लावायची आणि त्या संध्याकाळी घरात काय झालं ते पाकिटामागे लिहायची. फुमीताईंना रेकॉर्डी नको होत्या, ते लिहिलेलं हवं होतं.

"शेवटच्या संध्याकाळी मी तिच्या अंगावर ओरडले," त्या म्हणाल्या. "गाणं चालू असताना सुई ओढली. रेकॉर्डवर ओरखडा उठला. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं, ती परत आलीच नाही. रागावून गेली का, एवढंच बघायचंय. पन्नास वर्षं खोका उघडायचा धीर झाला नाही. झाला, तर खोका घरात नाही."

माल विकला गेला म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण त्याच सकाळी देवळात गाऊन सांगितलेलं प्रवचन ऐकून आलो होतो. बुवांचा सूर चढला तसे आम्ही सगळे एका आवाजात 'नामू आमिदा बुत्सू' म्हणत बुद्धाला शरण गेलो होतो. सकाळी नाम घेतलेल्या तोंडाने दुपारी खोटं कसं बोलायचं? खोका पुढे ठेवला आणि सांगून टाकलं.

"सगळं खोडलंत?"

"सगळं, ताई. एक अक्षर ठेवलं नाही."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ओरखडा असलेली रेकॉर्ड शोधली, पाकीट मांडीवर घेतलं आणि कोऱ्या कागदावरून अंगठा फिरवत बसल्या. सावाने चहा ठेवला, तो तसाच निवला.

मग त्यांचा अंगठा थांबला. "ही कारटी फार दाबून लिहायची," त्या म्हणाल्या. "पेन्सिलीची टोकं मोडायची. त्यावरूनही मी तिला बोलायचे."

मी टेबलावरचा दिवा ओढला, पाकिटाच्या कडेला अगदी आडवा धरला. काळं सगळं माझ्या रबराने नेलं होतं, पण कागदात रुतलेले वळसे सावली धरून उठले. फुमीताईंना नीट दिसेना. सावाने वाकून एकेक शब्द जुळवत वाचलं.

"ताईने सुई ओढली. ओरखडा पडला. तिला माझ्याहून जास्त वाईट वाटलंय, पण कबूल करणार नाही. उद्या मीच बोलेन."

फुमीताईंनी रुमाल काढला, पण डोळ्यांना न लावता हातातच धरून ठेवला. "उद्या," एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी मला विचारलं, दुकान किती वाजता बंद करता. मी म्हटलं, तुमचं होईपर्यंत नाही. सावाने गार चहा उचलून दुसरा आणला. मी दिवा आणखी खाली धरला आणि त्यांनी खोक्यातलं अगदी पहिलं पाकीट काढलं.