डाव्या हाताचा धागा

माग विकून मी रंगखान्यात बॉयलरवर लागलो, तेव्हा अर्जात 'कोष्टी' लिहिलंच नाही. 'यंत्राचा माहितगार' असं ठोकून दिलं. कोळशाची भट्टी होती तोवर ते खपलं. छप्पन साली बॉयलर तेलावर गेला आणि माझं बिंग फुटायची वेळ आली.

त्या सकाळी बर्नरने काळा धूर ओकला आणि तो विझला. मॅनेजर महादेवराव म्हणाले, "नत्थूजी, चारपर्यंत साफ करून वाफ द्या. नाहीतर मी मुंबईचा मिस्त्री बोलावतो. मग तुमचं इथं काम नाही."

तेल बंद केलं, बर्नर गार झाल्यावर बाहेर ओढला. त्याच्या तोंडावर काजळीचा जाड थर. तो काढायचा तर पुढचा नट सोडवायला हवा. पाना लावून डावीकडे फिरवला. हलेना. यंत्राचं पुस्तक इंग्रजीत, म्हणून कारकून मार्तंडला बोलावलं. त्याने बोट ठेवून वाचलं, "लेफ्ट हँड थ्रेड. म्हंजे डाव्या हाताचा धागा."

"लोखंडात धागा कुठून आला गा?"

"मले काय माहीत? लिवलं हाय ते सांगतलं."

मी धागा शोधला. एक चिंधी सापडली, तीही माझीच. मग वाटलं, काम डाव्या हाताने करायचं असेल. पाना डाव्या हातात धरला आणि पुन्हा डावीकडेच ताणला. बोटं सोलली, नट ढिम्म. काहीच उमजेना. चाळिशीच्या गड्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

दुपारी माझी बायको गोदूबाई तांडापेठेतल्या घरून भाकर घेऊन फाटकाशी आली. मी तिच्यावरच डाफरलो.

"माह्यावर काहून चिडून राहिले जी?" ती म्हणाली. "झालं तरी काय?"

मी धाग्याचं सांगितलं. ती हसलीच.

"डाव्या हाताचा धागा तं सासूबाईचा! त्या डावखोऱ्या. त्यायनं वळलेलं सूत मी उकलाले गेली का अजूनच आवळे. उलटं फिरवा लागे."

भाकर तिच्या हातातच ठेवून मी धावलो. धागा म्हणजे नटाचे आटे, आणि ते उलटे होते. तीन तास मी नट सोडवत नव्हतो, आवळत होतो! पाना उजवीकडे ओढला. माझीच ताकद माझ्याविरुद्ध उभी होती. पान्याला पाइप जोडून सगळं अंग टाकलं, तेव्हा कुठे तो कचकन सुटला. बर्नरचं तोंड रॉकेलमध्ये भिजवलं, ब्रशने घासलं, भोकं फुंकून मोकळी केली आणि नट डावीकडे फिरवून बसवला. बॉयलर अजून गरम होता. बर्नर आत बसवून तेल सोडलं. ज्योत धरली, धूर नाही. चारच्या आत वाफ चढली.

महादेवराव आले. "इंग्रजी वाचता येतं तुम्हाला?"

"नाही, साहेब. मी कोष्टी आहो. माह्या मायचा हात डावा होता."

सकाळपासूनचा माझा गोंधळ आता त्यांच्या तोंडावर होता. तरी म्हणाले, "मुंबईचा मिस्त्री राहू द्या. उद्या दुसरा बर्नरही तुम्हीच उघडा."

माग विकला तेव्हा आईची सूत वळायची टकळी मी भंगारात टाकली होती. त्या दिवशी टकळीची फार आठवण आली.