शालिकरामचा सहावा दिवस

सकाळपासून शालिकरामचं डोकं भणभणत होतं. अंजनगावच्या बाजारात त्याचं फुलांचं दुकान, आसपासच्या दहा गावांतल्या नवरा-नवरीच्या गळ्यात त्याच्याच हातचे हार. आणि आज सख्ख्या पोरीचा साखरपुडा, तर मेला दोरा सुईत जाईना! हात लटलट कापत होते, निशिगंधाच्या कळ्या बोटांतून गळत होत्या. दारू सोडून आज सहावा दिवस होता.

प्रणालीनं परवाच तोंडावर सांगितलं होतं, "बाबा, पिऊन असान तं हॉलात येऊ नोका. काका बसन पाटावर." काका! ज्या भावानं आयुष्यभर याच्याच दुकानात फुकट चहा ढोसला, तो आता बापाच्या जागी बसणार. नुसत्या विचारानं शालिकरामच्या अंगाचा तिळपापड होत होता.

त्यात समोर बुधाजी. एसटीतला रिटायर ड्रायव्हर, अकरा वर्षांपूर्वी स्वतः दारूतून सुटलेला. गेल्या शुक्रवारी दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीत शालिकरामनं पहिल्यांदा तोंड उघडलं, तेव्हापासून हा बाबा रोज सकाळी दुकानात स्टुलावर ठाण मांडायचा. डॉक्टरच्या गोळ्या घेतल्या का, एवढं विचारायचा आणि पेपर वाचत बसायचा.

"काहून बसून राहिले तुमी इथं? घर नाई का तुमाले?"

"हाये ना."

"मंग जा ना! मायावर पहारा देऊन राहिले का?"

"जातो. पर त्या बारदानाखालची शिशी घेऊन जातो."

पहाटेच शालिकरामनं गुलाबांवरच्या बारदानाखाली पव्वा सारला होता. मग त्याचं टाळकं फिरलं. "मायी फुलं उचकली तुमी? चोर समजता मले?"

"हात बी नाई लावला. सकाळधरनं साऱ्या फुलांवर पाणी मारलं तू, त्या बारदानाकडं पाह्यलं बी नाई. मी बी सीटखाली लपवत होतो लेका."

"एकच घोट घ्याचा होता! हात थांबाले! मायी पोरगी हाये, बुधाजी. तिचा हार का दुसऱ्याच्या हातून करू?"

बुधाजीनं पेपर आपटला. "मी बी एकच घेतली होती. पोराच्या लग्नाच्या सकाळी. वरात निघाली तवा कार्यालयाच्या नळाखाली पडून होतो. सुनेनं मले पहिल्यांदा पाह्यलं ते तसं. काढ तो पव्वा! पे! पर मंग हार पाठवून देजो, तू जाऊ नोको!"

शालिकरामनं बारदान भिरकावलं, पव्वा काढला, झाकण फिरवलं. वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. त्याची त्यालाच शिसारी आली. बुधाजीला, भावाला, स्वतःला, सगळ्यांना शिव्या घालत त्यानं अख्खा पव्वा नालीत ओतला.

"झालं समाधान?" तो ओरडला. "आता सुई ओवून द्या!"

बुधाजीनं चष्मा पुसला आणि सुई ओवून दिली. हार व्हायला दोन तास लागले. एकीकडे कळ्या दाट, दुसरीकडे नुसता दोरा. शेजारच्यानं असा हार विकला असता तर शालिकरामनं भर बाजारात त्याची लाज काढली असती.

हॉलच्या दारातच प्रणालीनं त्याला अडवलं. सगळ्या पाहुण्यांदेखत ती नव्या साडीचा पदर सावरत पुढे आली आणि नाक थेट त्याच्या तोंडाशी नेलं. शालिकरामची कानशिलं तापली. चार लोकांत जन्मदात्या बापाचं तोंड हुंगते! एक ठेवून द्यावी असं वाटलं. त्यानं दोन्ही हातांनी हार घट्ट धरला, तोंड उघडलं आणि छातीतली सगळी हवा तिच्यापुढे सोडली.

तिचा विश्वास बसेना. तिनं पुन्हा एकदा वास घेतला.

"उद्या बी पाहीन," ती म्हणाली. डोळे भरले होते, आवाज मात्र कडकच.

"पाह!" शालिकराम खेकसला. "रोज पाह!"

प्रणाली दारातून बाजूला झाली.